न वाहिलेला मेणाचा पाय

मी मेणाचा पाय बोलतोय. घोट्यापासून खालचा, डावा. हसू नका. मुंबईत चर्चबाहेरच्या मेणबत्त्यांच्या दुकानात माझ्यासारखे हात, पाय, डोळे मिळतात. ज्याचं जे दुखतं, त्याने ते मेरीमाउलीला वाहायचं. साच्यातून निघालो तेव्हा मी अगदी गुळगुळीत होतो आणि माझ्या पाचही बोटांचा मला फार तोरा होता.

मला हर्षलाने विकत घेतलं. तिचे बाबा पोपटराव कर्जतजवळच्या कळंबचे. साखरेच्या आजाराने त्यांचा डावा पाय काळा पडत चालला होता. हर्षलाने मला आईच्या, इंदूबाईच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "एखाद्या जुन्या चर्चमध्ये वाहा गं."

इंदूबाईने जन्मात चर्चची पायरी चढलेली नव्हती. पण ती इरेला पेटली. एकीने नाही ऐकलं तर दुसरी माउली ऐकेल, असा तिचा हिशेब. जिल्ह्यातली जुनी चर्च समुद्राकडे. दर बुधवारी मला टॉवेलात गुंडाळून ती कर्जतहून एसटी धरायची. खोपोलीला बदल, पेणला बदल, अलिबागला बदल. बस तापली की मी मऊ पडायचो; माझी करंगळी तिथेच वाकली. ती मला पदराने वारा घालायची. खऱ्या पायाचेही कुणी इतके लाड करत नसेल.

रेवदंड्याला तर छप्परच नव्हतं. नुसत्या उंच भिंती आणि गवत. तिने मला दोन्ही हातांवर धरून वर बघितलं. "आये, मालकांचा पाय वाचव. गुन आला की ह्यो तुला वाहीन." मग मी परत टॉवेलात. पुढच्या बुधवारी कोर्लईच्या चर्चमध्येही तेच. तिच्या गावात नवस आधी बोलतात आणि गुण आल्यावर फेडतात. दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती.

त्यानंतरच्या मंगळवारी पोपटरावांचा पाय गुडघ्याखालून कापला.

फसलेल्या नवसाचा पाय घरात कसा ठेवायचा, म्हणून महिनाभराने ती मला घेऊन पुन्हा कोर्लईला गेली. तिथे एक म्हातारी फुलं बदलत होती.

"बाय, मागच्या खेपेला पण आणला होतास ना? ठेवला नाहीस?"

"बरं वाटल्यावर ठेवनार व्हते."

"अगं, आमच्यात मागतानाच ठेवतात."

म्हातारी सहज बोलली. पाय गेल्याचं तिला काय माहीत? इंदूबाईने मला छातीशी धरलं आणि परतीच्या बसमध्ये पेणपर्यंत ती नुसती रडत होती. मला फार वाईट वाटलं.

आता मी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. पोपटराव कुबड्या टेकवून म्हणतात, "टाक की गं तो काढून." ती म्हणते, "नाय, ऱ्हाऊ दे." रोज सकाळी दिवा लावताना ती माझ्यापुढे पुटपुटते, "मीच घालवला त्यांचा पाय." हे तिने कुणालाही सांगितलेलं नाही. हर्षलालाही नाही.

पण मला घेतलं त्या दिवशी हर्षला घरी यायच्या आधी दवाखान्यात गेली होती. मी तिच्या पर्समध्ये होतो. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर झालाय. थोडे दिवस औषधं देऊन बघू, पण पाय काढावाच लागेल." ती तिथेच रडली, डोळे पुसले आणि आईला थोडी आशा असू दे म्हणून गप्प राहिली.

हर्षला पोरी, घरी येशील तेव्हा आईला ते सांग. मग मला वितळवलंस तरी चालेल.