हे कोणाचं?

सुदाम गुरुजी मूळचे जवळा बाजारचे. गोरेगावजवळच्या आमच्या तांड्यावर त्यांची बदली झाली ती दोन हजार एक साली. माणूस भला, पण उत्साह असा की पोरंच दमून जायची. ‘मी, तू, माझं, तुझं’ हे नुसतं फळ्यावर लिहून येत नसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी फर्मान काढलं, उद्या प्रत्येकानं घरून एकेक वस्तू आणायची.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बाजारच भरला. पितळी तांब्या, भोवरा, बांगड्या, कोणाची तरी एकच चप्पल. गुरुजींनी तांब्या उचलला आणि मिनाला खड्या आवाजात विचारलं, “हा कोणाचा?”

मिनानं तो सगळ्यांदेखत आणला होता. तरी म्हणाली, “ठाऊक न्हाई, गुरुजी.”

भोवऱ्याचं तेच, बांगड्यांचंही तेच. कोणालाच काही ठाऊक नाही. “अरे, ‘माझा’ म्हणायला काय जीभ झिजते?” गुरुजी कडाडले. मिना रडत घरी पळाली ती दुसऱ्या दिवशी शाळेत आलीच नाही.

वर्गातली सगळ्यात हुशार पोर गेली म्हणून गुरुजी कासावीस झाले. संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिचा आजा हिरासिंग बाजेवर बसला होता. त्यानं पाणी दिलं, पण बोलला सरळ.

“गुरुजी, पोरगी आता येणार न्हाई. कुठं चोरी झाली की तांड्यावर येऊन ‘हे कोणाचं’ म्हणून पोलीसच विचारतात. मी जवान होतो तवा माझ्याच बैलावरून विचारलं. मी म्हणलं, माझा. ‘पावती दाखव’ म्हणले. माझ्याजवळ पावती कुठली? बैलबी गेला अन् मारबी खाल्ला. तवापासून आमी लेकरांना शिकवतो, कोणी विचारलं तर ठाऊक न्हाई म्हणायचं.”

गुरुजींना फार वाईट वाटलं. शेवटी हात जोडून म्हणाले, “बाबा, उद्या तुम्हीच तिला घेऊन या. विचारायचं काम ती करेल, उत्तर मी देईन. नाही पटलं तर परत घेऊन जा.”

हिरासिंग आला, पण मिनाचं बोट धरून दारातच उभा राहिला. गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “विचार, मिना.”

तिनं आधी आज्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “हे कोणाचं?”

“माझं.”

“पावती दाखवा.”

हे वाक्य तांड्यातल्या प्रत्येक लेकराला पाठ. सासऱ्यानं लग्नात दिलेल्या घड्याळाची पावती गुरुजी कुठून आणणार? तरी बिचाऱ्यांनी खिसे चाचपले. “पावती नाही गं. पण खरंच माझं आहे,” ते चाचरत म्हणाले.

मिना हटेना. “मंग कशावरून तुमचं?”

“त्यांचंच हाय, पोरी,” हिरासिंग म्हणाला. “रोज त्यांच्या हातात पाहतो मी. माझी गवाही.”

मग म्हातारा गुरुजींकडे वळला. “माझ्या बैलासाठी एवढं कोणी बोललं न्हाई, गुरुजी,” असं म्हणत त्यानं मिनाला तिच्या जागेवर नेऊन बसवलं आणि तो एकटाच घरी गेला.