हळद लागलेले दिवे

तिसगावच्या स्टँडवर मच्छिंद्रची जीप उभी असायची. नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेली, रंग उडालेली, पण दिवसाउजेडी वाघीण! करंजीचा घाट अशी चढायची की एसटीच्या ड्रायव्हरनं तोंडात बोट घालावं. दिवेलागण झाली की मात्र तिचं सगळं अवसान गळायचं. सहा व्होल्टची मरतुकडी बॅटरी, पुढं दोन मिणमिणते दिवे, आणि त्यांचा उजेड कुठवर म्हणाल, तर बॉनेटच्या टोकापर्यंत. त्याच्यापुढचा रस्ता मच्छिंद्र आठवणीनं चालवायचा.

आता आठवणीनं चालवलेली गाडी एखाद् दिवशी चुकणारच. चुकली तर चुकली, पण कुठं चुकावी? सहादेवतात्यांच्या पुतण्याच्या लग्नात! सहादेवतात्या म्हणजे गावातले बागायतदार, मनानं मऊ पण तोंडानं लवंगी मिरची. शिवाय ते मनकर्णेचे वडील, आणि मनकर्णेपायी मच्छिंद्रची तहानभूक हरपलेली. म्हणजे ज्या घरात पाय जपून टाकायचा, तिथंच हा पठ्ठ्या तोंडावर आपटला.

एकाहत्तर सालच्या माघातली गोष्ट. गोरज मुहूर्त. नवरदेव जीपमध्ये, वऱ्हाड मागं बैलगाड्यांत. ओढा ओलांडून डाव्या हाताच्या वाडीला वळायचं, हा वळला उजवीकडं. तिथंही लग्न, तिथंही मांडव, तिथंही नवरदेवाची वाट बघून डोळ्यांत प्राण आणलेली माणसं! जीप दिसल्याबरोबर बँड सुरू. बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मुंडावळ्यांच्या आड तोंड दिसतंय कुणाला? मच्छिंद्रच्याही गळ्यात एक हार पडला. अंतरपाट धरला, भटजींनी घसा साफ केला, तेवढ्यात नवरीच्या मामानं पलीकडं वाकून बघितलं आणि बोंब ठोकली, "आरं, ह्यो कोन?"

पुतण्याचं लग्न लागलं, पण गोरज कधीच उलटून गेलेला. त्या दिवसापासून जीपला नाव पडलं 'आंधळी', आणि दिवस मावळल्यावर तिच्यात कुणी बसेनासं झालं.

मच्छिंद्रला आईबाप नव्हते. गोजरबाई नावाच्या आत्यानं त्याला लहानाचा मोठा केलेला. बाई मोठी हिकमती. दिवाळी झाल्यावर पदर खोचून ती तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसली आणि सरळ मनकर्णेला मागणी घातली.

"गोजरबाई," तात्या म्हणाले, "पोरगं वाईट न्हाई. पन ज्याला अंधारात रस्ता गावत न्हाई, त्याच्या हातात माझी एकुलती एक पोर कशी देऊ? एक करू. मला चष्मा आनायला नगरला जायचं हाय. येताना दिवस मावळू द्यायचा, अन् अंधारात घाट उतरवून मला माझ्या दारात सोडायचं. नीट आनलं, तर त्याच दारात सुपारी फोडतो. चुकला, तर ह्याच लगीनसराईत पोर दुसरीकडं देतो. मंग माझ्या नावानं खडं फोडू नका."

दारामागून हे सगळं ऐकणारी मनकर्णा दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीपाशी भेटली. डोक्यावरची पाटी न उतरवताच म्हणाली, "आधी जीपला डोळं बसवा, मंग माझ्याकडं बघा." आणि हसत निघून गेली. ती हसली, एवढ्यावरच मच्छिंद्रला सगळं तिसगाव जमिनीपासून हातभर वर उचलल्यागत वाटायला लागलं. तो तसाच तरंगत शमशेरभाईच्या टपरीत शिरला.

शमशेरभाई मोटारींचं वायरिंग करायचा. त्यानं जीपचे दिवे लावून बघितले, मग काडी पेटवून दिव्यांशेजारी धरली. काडीचा उजेड जास्त पडला.

"मच्छिंदर, तुझ्या गाडीत बत्ती न्हाई, उदबत्ती हाय! आता बघ मी काय करतो ते."

आणि तो खरंच पेटला. सहाची बॅटरी गेली, बाराची आली. डायनामो बदलला, बल्ब बदलले. मोडीत निघालेल्या एका ट्रकचे दोन जादा दिवे त्यानं कुठूनसे पैदा केले. ताटाएवढ्या गोल काचा, मागं चकचकीत वाट्या! बॉनेटच्या वर लोखंडी पट्टी ठोकून ते दोन्ही शेजारी शेजारी बसवले. त्यांच्यासाठी वेगळं बटण पाहिजे, तर घरात भिंतीवर असतं तसलं काळं बटण स्टिअरिंगशेजारी लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलं.

संध्याकाळी स्टँडवर सगळा गाव गोळा झाला. शमशेरभाईनं बिस्मिल्ला म्हटलं, मच्छिंद्रनं कानिफनाथांचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. टक्!

अहो, काय उजेड तो! पण रस्त्यावर नव्हे, रस्ता राहिला खाली. दिवे बसले होते आभाळाकडं तोंड करून. समोरच्या लिंबावरचे कावळे दचकून एकदम उडाले. कुणाच्या तरी कोंबड्यानं पहाट झाली समजून बांग दिली. आणि स्टँडपलीकडच्या उंचवट्यावर, अंधाराच्या भरवशावर टमरेल घेऊन बसलेली चार भली माणसं खाडकन उभी राहिली. त्यांत कोण कोण होतं ते मच्छिंद्रनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण त्यानंतर बरेच दिवस तात्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही, एवढं खरं.

"शमशेरभाई, दिवं रस्त्यासाठी हायत! चांदन्या मोजायला न्हाईत!" मच्छिंद्र ओरडला.

"चुकलं बाबा, चुकलं!" हसून हसून शमशेरभाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग त्यानं दोन्ही दिवे वरून काढून थेट बंपरच्या खाली लावले. माना अशा खाली घातल्या की उजेड रस्ता सोडून हलेना. मच्छिंद्रनं त्याला मिठी मारली. आता तात्याच काय, तात्यांचं सगळं खानदान घाटातून उतरवीन म्हणाला.

आणि मार्गशीर्षातल्या ज्या सकाळी नगरला जायचं, त्या सकाळी आत्यानं घात केला.

मच्छिंद्र आंघोळ करून बाहेर आला तर अंगणात बायकांचा घोळका. जीपपुढं रांगोळी, पाट, पाण्याचा तांब्या. बायका लग्नातली गाणी म्हणतायत आणि आत्या मांडी ठोकून बंपरपुढं बसलीय. हातात तेलात कालवलेली हळद. आंब्याच्या पानानं ती दोन्ही दिव्यांच्या काचांना हळद चोपडतीय, नवरदेवाला लावावी तशी, हात न आखडता.

"आत्या! आगं काचा हायत त्या!"

"हायत, मंग? ज्यांच्या जिवावर तुझं लगीन जमायचं, त्यांना पयली हळद नको व्हय? तुझी पाळी मागनं."

"आगं पन उजेड कसा पडंल?"

"देव पाडील!"

मच्छिंद्रनं फडकं उचललं, तसा बायकांनी एकच गिल्ला केला. लागलेली हळद पुसायची? लग्न व्हायच्या आत? आत्या तर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पुसलीस तर माझं मेलं तोंड बघशील!" आता ह्याच्यापुढं कोण बोलणार? मच्छिंद्रनं फडकं खाली टाकलं. डोक्याला हात लावावा तर बायकांनी त्याच्याही गालाला बोट लावून घेतलं.

नगरला पोचल्यावर तात्या चष्म्याच्या दुकानात शिरले. इकडं मच्छिंद्रनं आत्याची मनातल्या मनात माफी मागून, फडक्यानं काचा घासल्या. वरचा लगदा निघाला, पण तेलातली हळद उन्हानं आणि धुळीनं अशी बसली होती की पिवळा पापुद्रा काही हलेना. त्याला रडूच यायला लागलं. सकाळी चष्म्यावाचून तात्यांना हे पिवळे डोळे दिसले नव्हते, पण आता नव्या चष्म्यातून दिसले तर घाटापर्यंत नुसती टिंगल करतील. त्यानं ठरवलं, जादा दिवे लावायचेच नाहीत. बाराच्या बॅटरीवर जीपचे मूळचे दिवे चांगले लखलखीत पडत होते, तेवढ्यावर निभावून न्यायचं.

तात्या नवा चष्मा लावून ऐटीत पुढच्या सीटवर बसले. "आता मला सगळं दिसतं. तू चुकायचा अवकाश, लगेच धरतो."

दिवस मावळला. मूळच्या दिव्यांच्या पांढऱ्याशुभ्र उजेडात जीप झकास पळत होती. मच्छिंद्र शीळ घालायला लागला. आणि घाटाच्या तोंडाशी आल्यावर शीळ ओठांतच राहिली. दोन दिवसांपूर्वी अवकाळी भुरभुर होऊन गेली होती, आणि आता सगळा घाट धुक्यानं गच्च भरला होता. दिव्यांचा उजेड धुक्यावर आपटून उलटा डोळ्यांत येत होता. पुढं बघावं तर नुसतं दूध.

तात्यांनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसला. लावला. परत काढला, परत पुसला. "च्या मायला, चष्मेवाल्यानं फशिवलं! दुकानात सगळं दिसत हुतं, आता काईच दिसंना!"

"तात्या, चष्मा बरोबर हाय. धुकं हाय ते."

"म्हंजी तुलाबी दिसंना?"

मच्छिंद्रनं जीप थांबवली. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. शेजारी मनकर्णेचा बाप. मागं तीन-चार गाड्यांचे भोंगे बोंबलत होते, त्यांनाही दिसत नव्हतं. जीव जाईल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याला मनकर्णेचं हसू दिसत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात. आता टिंगल झाली तर झाली! त्यानं पांढरे दिवे बंद केले, डोळे मिटले आणि काळं बटण दाबलं. टक्!

"आरं तिच्या!" तात्या ओरडले.

मच्छिंद्रनं डोळे उघडले. खाली, बंपरच्या तळाशी, डांबरावर तूप सांडावं तसा पिवळाधमक उजेड पसरला होता. धुकं वर तरंगत होतं आणि त्याच्या पोटाखालून रस्ता चांगला दहा हात पुढंपर्यंत उघडा पडला होता. कडेचे चुन्यानं रंगवलेले दगड एकेक करून पुढं येत होते. आता उजेड खाली होता म्हणून की पिवळा होता म्हणून, हे शमशेरभाई आणि आत्या ह्यांच्यात अजून भांडण आहे. मच्छिंद्रला त्याचं काय? त्याला रस्ता दिसत होता! त्याला नाचावंसं वाटत होतं, पण पाय ब्रेकवर होता.

जीप हळूहळू उतरायला लागली, तशी मागची एसटी पुढं सरकली. तिच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून हाळी दिली, "ओ पिवळेवाले! थांबू नका, तुमच्याच मागं येतो!" एसटीमागं दोन ट्रक, ट्रकमागं उसाची गाडी. पहिल्या वळणावर सगळ्यांनी भोंगे वाजवले, दुसऱ्या वळणावर एसटीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्या वळणापासून ती सरळ वरातच झाली. पुढं पिवळी जीप, मागं वाजतगाजत वऱ्हाड! आणि तात्या? तात्या सीटवर अर्धे उभे राहून हात हलवत होते.

"डावीकडं घ्या रं! दगड हाय! आता सरळ! या, या, आमच्या मागनं या! आमच्या गाडीला लई दिसतंय!"

आमच्या गाडीला! मच्छिंद्रनं ते ऐकलं आणि गालांतल्या गालांत हसून घेतलं.

घाट उतरल्यावर धुकं संपलं. एसटी पुढं निघून गेली, जाता जाता ड्रायव्हरनं हात जोडले. गावात दिवेलागण कधीच झाली होती. तात्यांच्या दारात जीप उभी राहिली, तर ओट्यावर आत्या सुपारीचं तबक घेऊन आधीच येऊन बसलेली. बाईला भारीच भरवसा!

तात्या खाली उतरले. बंपरपुढं जाऊन वाकले, पिवळ्या काचेला बोट लावलं, नाकाशी धरलं.

"हळद?" ते ताठ उभे राहिले. "गोजरबाई, सुपारी फुटायच्या आधी हळद लावली? कुनाला इचारून?"

आत्यानं तबक पदराआड घेतलं. रीत ती रीत, आणि तात्या रीतीचे फार पक्के. तेवढ्यात मनकर्णा ओट्यावरून खाली आली. कुणाकडं न बघता ती जीपपुढं बसली. काच तापलेली होती, तरी तिनं कडेची उरलेली हळद बोटावर घेतली आणि आपल्या दोन्ही गालांना लावली.

"नवरदेवाची उष्टीच हळद नवरीला लावत्यात न्हवं? मंग झालं की. आता मोडायचं कसं ते तुमीच सांगा, तात्या."

तिचे गाल पिवळे झाले होते आणि दिव्यांच्या उजेडात ती अशी दिसत होती की मच्छिंद्रला इंजिन बंद करायचंही भान राहिलं नाही.

तात्या तिच्याकडं वळले. मग त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, लावला आणि परत काढला.

"फोडा गोजरबाई सुपारी," ते म्हणाले. "चष्मेवाल्यानं फशिवलंच शेवटी. हितं तर धुकं न्हाई, तरीबी काई दिसंना."