काही पुसायचं नाही

"ताई, शेवटचं विचारतो. पुसू का?"

"पुसून तर बघ," मी म्हणाले.

स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचून बारक्या माझ्याकडे बघत राहिला. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, पोट सुटलं, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर जाऊन बसला, पण घरात तो बारक्याच. सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटर जोडत बसणं हा त्याचा छंद. लहानपणी घरातली घड्याळं उघडून ठेवायचा, आता त्याला स्वतःच्या पैशानं उघडायला वस्तू मिळतात एवढाच फरक.

माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यानं जोडलेला नवा कॉम्प्युटर उभा होता. एका बाजूला काच आणि आत लाल-निळे-हिरवे दिवे फिरताहेत. लग्नघराबाहेर लावतात तसे. माझा जुना कॉम्प्युटर गुरुवारी धूर सोडून गेला होता. आतलं जवळजवळ सगळं जळलं, पण ड्राइव्ह वाचली. पत्त्यांच्या कॅटएवढी ती चपटी डबी आता बारक्याच्या हातात होती, आणि तीवरून आमचं सकाळपासून जुंपलं होतं.

त्याचं म्हणणं साधं होतं. नव्या मशीनमध्ये नवी कोरी सिस्टीम टाकायची, जुन्या ड्राइव्हवरून माझ्या फाइल्स काढून घ्यायच्या आणि मग ती स्वच्छ पुसून टाकायची. माझं म्हणणं त्याहून साधं होतं. हीच ड्राइव्ह जशीच्या तशी नव्या मशीनमध्ये लावायची आणि चालू करायची.

"अगं, नवं घर बांधलं आणि त्यात जुन्या घराचं प्लास्टर खरवडून आणून लावायचं, असं कुणी करतं का?"

"मी करते. लाव."

"फाइल्स देतोय ना सगळ्या! एकही जाणार नाही."

"मला फाइल्स नकोत रे. मला हात हवाय."

यावर तो गप्प झाला. माझ्या हाताचा विषय निघाला की आमच्या घरातले सगळेच गप्प होतात. मी सोडून.

मी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागाचे रिपोर्ट टाईप करते. डॉक्टर फिल्म बघत बोलतात, त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे येतं आणि मी ते लिहून परत पाठवते. कुणाची बरगडी, कुणाचं फुप्फुस, कुणाच्या पोरानं गिळलेलं नाणं. नऊ वर्षांपूर्वी त्याच विभागात, खुर्चीत बसल्या बसल्या, मला झटका आला. तोंड सुधारलं, पाय सुधारला, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. व्यायाम करून घेणाऱ्यांनी मला चेंडू दिला, दाबत बसा म्हणून. मी वर्षभर दाबला. चेंडू चेपला, हात काही हलला नाही.

मग मला एक छोटासा प्रोग्राम सापडला. स्पेसची पट्टी दाबून धरली की कीबोर्डची उजवी बाजू, आरशात पाहावी तशी उलटून, डाव्या हाताखाली येते. पट्टी सोडली की डावी बाजू परत. म्हणजे एका हातात दोन्ही हात. सुरुवातीला मी रडायचे. एक ओळ लिहायला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात पेशंट बरा होऊन घरी जाईल. दोन वर्षं घासली तेव्हा कुठे बोटांना कळलं. आता मी दोन हातांच्या पोरींच्या बरोबरीनं काम टाकते. आपला हात जगन्नाथ म्हणतात, त्यात कुठला हात ते सांगितलेलं नाही.

तो प्रोग्राम ज्यानं कुणी बनवला, त्याचा आता पत्ता नाही. त्याच्या वेबसाइटच्या जागी हल्ली बुटांचं दुकान आहे. मी ईमेल केले, ते परत आले. प्रोग्राम नव्यानं बसवायची फाइलही आता कुठे मिळत नाही. म्हणजे तो या जगात माझ्यासाठी त्या एका चपट्या डबीतच उरला होता. सोमवारी सकाळी रिपोर्ट गेले नाहीत, तर विभागाचे मोठे डॉक्टर काम बाहेर देणार होते. फोनवर किती प्रेमानं म्हणाले! "बाई, तुम्ही पुष्कळ केलंत. आता जरा आराम करा." आराम करा म्हणजे घरी बसा, हे न कळायला मी काही कालची नाही.

आणि बारक्यानं मशीन जोडलं होतं, ते आराम करणाऱ्या बहिणीसाठी. मोठा पडदा, वर कॅमेरा, भाचरांशी बोलायला. पत्त्यांचे खेळ. जुने सिनेमे. त्याच्या बायकोनं वर मखमली कापडही शिवून पाठवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. बिचाऱ्यांनी मनापासून केलं होतं. त्याचाच मला जास्त राग येत होता.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा," म्हणत बारक्यानं अखेर ड्राइव्ह लावली. चार स्क्रू पिळले. बटण दाबलं. दिवे फिरायला लागले. पडद्यावर एक ओळ आली: सुरू करण्याजोगं काहीही सापडलं नाही.

"बघ!" तो म्हणाला. त्याला जरा आनंदच झाला.

"काय बघ? विचार त्याला, का नाही सापडलं."

त्यानं उसासा टाकला आणि समजावून सांगितलं. माझी ड्राइव्ह जुन्या पद्धतीनं आखलेली, आणि नव्या मशीनमधला मुख्य बोर्ड फक्त नव्या पद्धतीची आखणी वाचतो. आतलं काही न हलवता आखणी बदलता येते, पण मध्येच काही चुकलं तर सगळंच गेलं.

"मग आधी तिची नक्कल करून ठेव. दुसऱ्या ड्राइव्हवर."

"दुपार जाईल त्यात!"

"जाऊ दे. तुझं काय लग्न अडलंय?"

कुरकुरत त्यानं नक्कल सुरू केली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. मी आत जाऊन पडले. झटक्यापासून दुपारी अर्धा तास पडावं लागतं, नाहीतर संध्याकाळी पाय ओढला जातो.

उठून बाहेर आले, तर बारक्या खूश होऊन बसला होता. समोर माझा कीबोर्ड लख्ख पुसून ठेवलेला. शेजारी स्पिरिटची बाटली आणि मळलेल्या कापसाचा ढीग.

"बघ कसा चमकतोय. किती चिकटा जमला होता गं! त्या कागदाच्या टिकल्या तर निघता निघेनात. नखानं खरवडून काढल्या."

मी कीबोर्डकडे बघितलं. डाव्या बाजूच्या प्रत्येक बटणावर, कोपऱ्यात, कागदाची एक बारकी टिकली असायची. तिच्यावर उजव्या बाजूचं अक्षर. स्पेस दाबल्यावर इथे कोण येणार, हे कळायला.

"कुठायत त्या?"

"कचऱ्यात. का?"

"त्या आईनं लिहिल्या होत्या."

तो हसायला लागला होता, तो तसाच थांबला.

"आईला कुठे इंग्रजी येत होतं?"

"नव्हतंच येत. मी बटणावरचं अक्षर बोटानं दाखवायचे आणि ती चित्र काढावं तशी बघून बघून काढायची. कपड्यांवर खूण करायच्या पेननं. माझ्या डाव्या हातानं तेव्हा धड रेघही निघत नव्हती. ती सकाळी माझ्या शेजारी बसायची, मी चुकले की टिकलीवर बोट ठेवायची. तू यायचास रविवारी, फळं घेऊन. तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस."

"ताई, मला खरंच माहीत..."

"तुला मळ दिसला, तू पुसलास. तुम्हा सगळ्यांना माझ्यात मळच दिसतो. जुनं आहे, चिकट आहे, पुसून टाका, नवं द्या. मला काय हवंय ते विचारायचं नाही, वर मखमली कापड शिवायचं!"

माझा आवाज चढला होता. चढला की जीभ अजूनही थोडी अडखळते, तशी ती अडखळली आणि मला आणखीच संताप आला. मला आई हवी होती त्या क्षणी. ती गेली तेव्हा जेवढी हवी होती, त्याहून जास्त.

बारक्या उठला, स्वयंपाकघरात गेला आणि कचऱ्याचा डबा चाचपायला लागला. पन्नाशीचा साहेब माणूस, ढोपरं टेकून. दोन-तीन टिकल्या सापडल्या त्याला. स्पिरिटनं शाई फुटून गेली होती, नुसता निळा डाग उरला होता. त्या तळहातावर घेऊन तो परत आला आणि हात माझ्यापुढे केला.

"टाक त्या," मी म्हणाले. "अक्षरं मला पाठ आहेत. सहा वर्षांत मी त्यांच्याकडे बघितलेलंसुद्धा नाही."

हे खरं होतं. पण त्यानं त्या टाकल्या नाहीत, शर्टाच्या खिशात ठेवल्या.

नक्कल संपली होती. त्यानं जुनी ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिली. "ही तुझ्याजवळ ठेव. जे करायचं ते नकलेवर करू. चुकलं तरी ही आहे." सकाळपासून मला उपदेश करणारा माणूस आता एक अक्षर जास्त बोलत नव्हता. आखणी बदलण्याचा हुकूम त्यानं टाईप केला, दोनदा वाचला, मलाही वाचायला लावला आणि मगच एंटर दाबलं. मी ड्राइव्ह मुठीत घट्ट धरून बसले होते.

मशीन बंद झालं, परत सुरू झालं. काळा पडदा. मग गोल गोल फिरणारे ठिपके. 'उपकरणं तयार होत आहेत' असं काहीतरी आलं आणि परत बंद. बारक्या नखं खात होता. मी म्हटलं, "आई असती तर हातावर मारलं असतं." त्यानं बोटं खाली घेतली.

तिसऱ्यांदा सुरू झालं, आणि माझा पासवर्ड मागणारी खिडकी आली.

"सांग, मी टाकतो."

"सरक."

माझ्या पासवर्डात सगळी अक्षरं डाव्याच बाजूची आहेत, कारण तो टाकेपर्यंत प्रोग्राम जागा झालेला नसतो. आत गेले. अक्षरं बैलाएवढी मोठी, चित्र धुरकट, इंटरनेट नाही. बारक्या म्हणाला, ते सगळं पेनड्राइव्हवरून घालता येईल, त्याची काळजी नको. मला नव्हतीच. मी खालच्या उजव्या कोपऱ्यात बघत होते. एक चिन्ह आलं, दुसरं आलं. मग तो आला, माझा बुटांच्या दुकानवाला.

मी कोरी फाइल उघडली. स्पेस दाबून धरली आणि डाव्या हातानं उजवीकडची अक्षरं मारली. एकेक उमटत गेलं. मी पुन्हा मारली. मग नुसतीच मारत सुटले, अर्थ नाही, ओळ नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

तासाभरात बारक्यानं बाकीचं मार्गी लावलं. इंटरनेट आलं, चित्र स्वच्छ झालं. आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात एक करडी ओळ उमटली: ही सिस्टीम अधिकृत नाही, असं सांगणारी. कशानंही जाईना.

"जुना बोर्ड बदलला ना," तो ओशाळून म्हणाला. "त्यामुळे सिस्टीमच्या कंपनीला वाटतंय, ही ती नव्हेच. दुसरीच कुणीतरी आहे. पुढच्या आठवड्यात परवाना नवा करून देतो, तोवर ही अशीच दिसत राहील."

"वाटू दे तिला," मी म्हणाले. "मला नऊ वर्षं लोक हेच ऐकवतायत. कुठे अडलं?"

फोन वाजला. मोठे डॉक्टर. तब्येत कशी आहे, मशीनचं फार वाईट वाटतंय, उद्यापासून दुसरीकडे सोय करतोय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असं बरंच काही बोलले. त्यांना बोलू दिलं.

"सोय राहू द्या," मी म्हणाले. "तुमची शुक्रवारपासूनची रेकॉर्डिंग मी आता लावतेय. आणि डॉक्टर, एक सांगते. बोलताना जांभई देऊ नका. बरगड्यांचे आकडे चुकतात माझे."

मग ते म्हणाले, "बरं, बाई."

मी हेडफोन चढवला. पहिला आवाज कानात आला आणि बोटं निघाली. दुसऱ्या रिपोर्टपर्यंत मी बारक्याला विसरले होते. तिसरा संपवून मान वळवली, तर तो अजून तिथेच होता. खुर्ची जवळ ओढून, वाकून, माझा डावा हात बघत होता. नऊ वर्षांत आई सोडून आमच्या घरातल्या कुणीही तो असा बघितला नव्हता. सगळ्यांचे डोळे आपले उजव्यावरच.

"हळू कर जरा," तो म्हणाला. "दिसत नाही नीट."

मी हळू केलं नाही.