कंसाबाहेरचा शब्द

"डोंगर कसा? नीट वाचा. डोंगर, मग रिकामी जागा, मग आहे. कंसात बघा. गोड, उंच, लाल."

काटेवाल्यांनी कंसात बघितलं, डोंगराच्या चित्राकडे बघितलं, शेवटी बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "बरा."

"डोंगर बरा कसा असेल हो? ताप आला होता का त्याला?"

काटेवाले तोंडाच्या डाव्या बाजूने हसले. मग डाव्या हाताने पेन्सिल धरून त्यांनी 'उंच' या शब्दाभोवती वेडावाकडा गोल काढला. म्हणजे कळत सगळं होतं. तोंडच तेवढं ऐकत नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. जन्मभर दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडलेला माणूस, म्हणून गल्ली त्यांना काटेवालेच म्हणायची. काट्यात रतीभर खोट दिसली की दुकानदार कितीही गयावया करो, हे सावकाश मान हलवायचे आणि काटा बाजूला ठेवायचे. आता त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, तोही एकाच रूपात. चहा बरा, भाजी बरा, खिडकी बरा.

"खिडकी बरी!" बाई दर वेळी सुधारायच्या. चौतीस वर्षं दुसरी-तिसरीच्या वर्गांना शिकवलेल्या बाई त्या. चुकीचं लिंग कानावर पडलं की त्यांना दातात खडा आल्यासारखं व्हायचं. "ती खिडकी, म्हणून बरी. म्हणा."

"बरा," काटेवाले मनापासून म्हणायचे.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला आठवड्यातून एकदा एक मुलगी यायची. तीच म्हणाली होती, "काकू, पहिले सहा महिने महत्त्वाचे. नंतर सुधारणा होते, पण फार हळू. काकांना सोपे शब्द द्या, लहान मुलांना देतो तसे." बाईंनी त्याच दिवशी माळ्यावरून सरावाची जुनी वही काढली. योग्य विशेषण निवडा व रिकाम्या जागा भरा.

या प्रश्नाला बाईंचा एक नियम होता आणि तो अख्ख्या शाळेला पाठ होता. शब्द कंसातलाच हवा. बाहेरचा कितीही शोभला तरी शून्य. एका वर्षी 'माझी आई ______ आहे' यात एका मुलीने प्रेमळ, हुशार, उंच असे तिन्ही शब्द सोडून 'दमलेली' लिहिलं होतं. बाईंनी शून्य दिलं. मुलगी वही घेऊन जागेवर जाऊन बसली. तिचं नाव आता आठवत नव्हतं, दोन वेण्या मात्र आठवत होत्या.

सहावा महिना लागला तसा बाईंचा जीव टांगणीला लागला. आणि खरं सांगायचं तर त्यांना डोंगर, साखर, खिडकी यांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना स्वतःसाठी एक शब्द हवा होता. लग्नानंतर पहिल्यांदा नटून विचारलं, कशी दिसते, तर उत्तर आलं, "बरी दिसतेस." शाळेत पहिलं बक्षीस मिळालं तर, "बरं झालं." लेक झाली तेव्हा दवाखान्यात धावत आले आणि पाळण्यात डोकावायच्या आधी बाईंनाच म्हणाले, "बरी आहेस ना?" एवढा मोठा प्रसंग, पण जिभेवर शब्द तोच. बेचाळीस वर्षं बाई मनातल्या मनात या माणसाला कंजूष म्हणत आल्या होत्या. आणि आता तर दुकानच बंद व्हायला आलं होतं.

शेवटी एका सकाळी त्यांनी वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'माझी बायको ______ आहे.' कंसात चार शब्द घातले. प्रेमळ, सुंदर, हुशार, कटकटी. चौथा न्यायासाठी.

"घ्या. आज एकच आहे," असं म्हणून त्या उगाच टेबल पुसायला लागल्या.

काटेवाल्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. पेन्सिल एकेका शब्दापर्यंत गेली, थांबली, परत आली. मग त्यांनी सावकाश मान हलवली आणि पेन्सिल बाजूला ठेवली.

"एकही नाही?" बाई म्हणाल्या. "अहो, निदान कटकटी तरी म्हणा!"

बाईंनी वही मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. आजारी माणसावर रुसू नये हे त्यांना कळत होतं. तरी त्या रुसल्या.

दोन दिवसांनी बाई स्वतःच तापाने आडव्या झाल्या. लेकीला फोन केला, ती संध्याकाळी डॉक्टरांना घेऊन येणार होती. दुपारी त्यांना जाग आली ती भिंतीला काहीतरी घासल्याच्या आवाजाने. काटेवाले काठी न घेता येत होते, कारण धडधाकट हात एकच आणि त्यात पाण्याचा पेला होता. उजवा खांदा भिंतीला टेकवत टेकवत, निम्मं पाणी सांडत ते पलंगापर्यंत पोचले.

"अहो, पडाल ना!"

पेला ठेवून त्यांनी पालथा हात बाईंच्या कपाळावर ठेवला. ओठ हलायला लागले. "ब... ब..." मानेची शीर ताठ झाली. बाईंना वाटलं, आता बरा येणार.

"बरी?"

बाई तापातही चमकल्या. "काय म्हणालात?"

"बरी?"

पाच महिन्यांत एकही खिडकी, एकही भाजी त्या रूपाला पोचली नव्हती.

"हो, बरी आहे," बाई घाईने म्हणाल्या.

काटेवाल्यांनी कपाळावरचा हात काढला नाही. दुकानात हलवायचे तशीच सावकाश मान हलवली. "बरी?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या आणि त्यांना एकदम हुंदका आला. "अंग फार दुखतंय. बरी नाहीये मी."

आता कुठे त्यांनी मान डोलावली आणि ते पलंगाच्या कडेला बसले. बेचाळीस वर्षं हा माणूस आपल्याला गुण देत नव्हता, विचारत होता, हे बाईंच्या लक्षात आलं. आपण मात्र प्रत्येक वेळी घाईघाईने "हो, हो" म्हणून कामाला लागत होतो. दवाखान्यातसुद्धा.

डॉक्टर येऊन गेले, ताप उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या तर उशाशी वही उघडी पडलेली. शेवटचं पान. कंसातल्या चारही शब्दांवर काट मारलेली. रिकाम्या जागेत पेन्सिलीची थरथरती अक्षरं होती. 'आहे'वरही आडवी रेघ ओढून पुढे काहीतरी लिहिलं होतं.

माझी बायको बरि हो.

म्हणजे 'आहे' काल खरं नव्हतं, म्हणून ते खोडून त्यांनी 'बरी हो' असं सांगितलं होतं.

काटेवाले शेजारी गाढ झोपले होते. बाईंनी चष्मा लावला. शब्द कंसाबाहेरचा. दिलेलं वाक्य बदललेलं. शेवटचं अक्षर, तरी वेलांटी पहिली. त्यांच्या हिशेबाने तीन चुका, एका गुणातून शून्य. दोन वेण्यांची ती मुलगी त्यांना पुन्हा आठवली, वही घेऊन मुकाट्याने जागेवर जाऊन बसणारी.

त्यांनी खण उघडून लाल पेन शोधलं. ते वाळलं होतं, तळहातावर गिरवून गिरवून चालू केलं. मग समासात एकापैकी एक गुण मांडला आणि खाली सही केली.

वेलांटी त्यांनी पहिलीच राहू दिली.