देव्हाऱ्यात ठेवलेली पकड

मी एक जुनी पकड आहे, तार कापायची. मित्रांनो, कुंपणाच्या तारेशी माझा संबंध कधी आला नाही. माणसाच्या दातांना बांधलेली बारीक तार कापण्यासाठी मला घडवले. मुंबईच्या एका कारखान्यात माझ्या तोंडाला धार लागली, आणि गोवा मुक्त झाल्यावर वीसएक वर्षांनी मी डिचोलीला डॉक्टर विनोदिनीबाईंच्या दवाखान्यात आले.

तिथे माझ्या शेजारी दाढ उपटायचा चिमटा असे आणि हिरडीतले गळू फोडायची सुरी असे. त्यांना बघूनच लोक रडत. माझ्याकडे कुणी लक्ष देत नसे. जबडा मोडलेला माणूस आला की बाई त्याचे वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना घट्ट बांधत. हाड सांधेपर्यंत सहा आठवडे तोंड बंद. पेजेची निवळ तेवढी नळीने ओढायची. त्या दिवसांत मला रोग्याबरोबर घरी पाठवत, कारण ओकारी झाली आणि तोंड उघडले नाही तर श्वास कोंडून माणूस जातो. अशा वेळी कुणीतरी पटकन तारा कापायला हव्यात. तशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मुदत संपली की दवाखान्यातच मी तारा कापत असे, आणि सुटलेले माणूस आधी जेवणाचे नाव काढी. कोरगावच्या एका म्हाताऱ्याने तर पहिला शब्द "नुस्त्याची कढी!" असा उच्चारून, म्हणजे माशांचे कालवण मागून, बाईंना हसवले होते. मला फार बरे वाटायचे.

मग दत्ताराम आला. कुडाळकडचा, खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर. सर्वणला भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. ट्रक उलटून त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. बाईंनी तारा बांधल्या आणि मला त्याच्या बायकोच्या, प्रभावतीच्या हाती दिले. कुठल्या चार तारा कापायच्या तेही दाखवले.

"ही सदा हाताशी ठेवायची हं, प्रभावतीबाय."

"व्हय बाई. जीवापलीकडे सांभाळतंय."

तिने सांभाळलेही. हातपाय धुऊन तिने मला देव्हाऱ्यात ठेवले, कुंकू लावले, रोज फूल वाहिले. इतका मान मला कुणी दिला नव्हता. खरे सांगते, मी फुगून गेले.

चौथ्या आठवड्यात गावाहून निरोप आला. दत्तारामचा सख्खा काका वारला होता. सुतक लागले. दहा दिवस देवाला शिवायचे नाही. फुले थांबली. मला बाहेर काढून ठेवावे हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दत्तारामला तापात ओकारी आली आणि बांधलेल्या दातांमागे अडली. त्याचा चेहरा काळानिळा पडला. बोलता येईना, म्हणून तो माझ्याकडे बोट दाखवू लागला. प्रभावती देव्हाऱ्यापाशी धावली. तिने हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. माझ्यापासून तीन बोटांवर असेल. मग ती वळली आणि ओरडत दाराबाहेर पळाली.

"विमलाबाय, धाव गो! आमका सुतक आसा, देवाकडची पकड काढून दी!"

शेजारच्या विमलाबाई शेतात होत्या. त्या चिखलाच्या पायांनी धावत आल्या आणि मला उचलून प्रभावतीच्या हातात दिले. तिने बरोबर त्याच चार तारा कापल्या. तोंड उघडले. श्वास मात्र परत आला नाही.

तेराव्यानंतर ती मला परत करायला आली. माझ्यावरचे कुंकू तिने घासून काढले होते.

"जीवाची राखणदार म्हणान देवाकडे ठेवलेली, बाई," ती म्हणाली. "हात लावूक भियालंय."

 बाईंनी तिला जवळ बसवून घेतले. त्यानंतर त्यांनी मला दोरी बांधली आणि प्रत्येक रोग्याच्या गळ्यात त्या मला स्वतः अडकवू लागल्या.

आता मोडलेला जबडा पट्ट्या आणि स्क्रू लावून जोडतात. बाईही राहिल्या नाहीत. मी खणात पडून आहे, दोरी कुजली आहे. मित्रांनो, कामाच्या वस्तूला मान नको, ती हाताशी असू द्या. आणि कुणाचा जीव जात असेल तर सुतकातही खुशाल देव्हाऱ्यात हात घाला. देवाशेजारी मी महिनाभर बसले होते. तो रागावलेला मला एकदाही दिसला नाही.