तीस जणांचा आराम

राखीच्या वहीत तीस पोटं होती. जळणारी, फुगणारी, भाकरीला नाही म्हणणारी. कामरगावात तिचा होमिओपॅथीचा लहानसा दवाखाना. दर बुधवारी ती स्कूटीवरून तांड्यावर जाई, कुचल्याच्या बियांपासून केलेल्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देई, आणि पुढच्या बुधवारी प्रत्येकाला विचारून लिहून घेई. ही औषधं किती पिढ्यांपासून चालत आली, पण पुरावा कुणी नीट मांडला नाही, अशी तिची खंत. तो पुरावा ती मांडणार होती. बारा आठवडे, तीस माणसं, एक शोधनिबंध.

नऊ आठवड्यांत 'फरक नाही' असं एकदाही लिहावं लागलं नाही. साठीचा हेमला तर पहिल्याच बुधवारी बरा झाला. बाजेवर बसून तो म्हणे, आराम हाय बाई, तुमच्या हाताले गुण हाय. त्याची बायको कमलीबाई खाली मान घालून चहा गाळत राही. राखी 'सुधारणा' लिही आणि कप तोंडाला लावी.

दहाव्या बुधवारी तिनं वजनकाटा नेला. निबंधात वजन हवंच, असं तिच्या कॉलेजच्या सरांनी बजावलं होतं. दवाखान्यात नाव नोंदवलं तेव्हा हेमला अठ्ठावन्न किलो होता. काट्यानं शेहेचाळीस दाखवले. काटा बिघडला असेल म्हणून राखीनं स्वतः चढून पाहिलं. काटा बरोबर होता.

हेमला हसला. उन्हात माणूस वाळतेच, म्हणाला.

कमलीबाईनं गाळणी खाली ठेवली. "वाळून नाही राह्यले, बाई. दोन महिने झाले, घरामांगं जाऊन ओकतेत. काळं पडते."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"देनाराच्या तोंडावर गुण नाही म्हटलं, तं त्याच्या हातचा गुण जाते. बाकीच्यायनं मंग कोनाच्या हातचं घ्यावं?"

हेमलानं बायकोकडं असं पाहिलं, जणू तिनं पाहुणीला उपाशी उठवलं.

दुसऱ्या दिवशी राखीनं त्याला जीपनं अकोल्याला नेलं. पोटात नळी घालून तपासलं, सोनोग्राफी केली. जठरातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, त्रास कधीपासून, आधी कुणी पाहिलं नाही का. राखी म्हणाली, मी पाहत होते. दर आठवड्याला.

पुढच्या बुधवारी ती गोळ्या न घेता तांड्यावर गेली. बाया जमल्या, पुरुष जमले. अकोल्याहून घरी परत पाठवलेला हेमला दारातल्या बाजेवर पडून होता. राखीनं विचारलं, खरं सांगा, कोणाले आराम नाही? सगळ्यांना आराम होता. हिरीबाई ओटीपोट दाबून धरून म्हणाली, लय आराम हाय.

राखी म्हणाली,

"माह्या हाताले गुण नाही. कवाच नव्हता. मी दिलेल्या गोळ्यायनं हेमलाकाका बरे झाले नाहीत, अन् माह्या भरवशावर त्यायचे दोन महिने गेले. आता तं सांगा."

बाजेवरून हेमला क्षीण आवाजात म्हणाला, असं नको बोलू, माय.

"हाय तेच बोलून राह्यली, काका."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग हिरीबाई खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, सहा महिने झाले, बाई, रात-रात झोप नाही. तिच्यामागून गोमतीबाई. मग अमरसिंग. राखी एकेकाचं नाव जीपसाठी लिहीत गेली, आणि पलीकडे कमलीबाई नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.