आवळीच्या वस्तीचं नाव

दूध संस्थेच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना पोरं लटकलेली, दारात बाया, आणि कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर मांडी घालून राखोंडीबाबा. संस्थेचा ऑपरेटर सिदू बटण दाबायचा आणि पडद्यावर पाण्याच्या टँकरच्या पाळ्या उमटायच्या: कोणत्या वस्तीला किती खेपा. सोळा वस्त्यांपैकी पंधराच उमटल्या. आवळीच्या वस्तीचं नाव गायब! मग बाबांनी डोळे मिटले, पडद्याला अंगारा फासला आणि यादीच्या डोक्यावर स्वतःचं नाव लिहायला लावलं. सिदूनं लिहिलं, बटण दाबलं, आणि सोळाच्या सोळा वस्त्या हजर. नाव पुसलं, आवळीची वस्ती पुन्हा गडप. लोकांनी हात जोडले. शिरूर कासारच्या त्या बाजूला सलग तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. अशात यंत्राला वठणीवर आणणारा बाबा मिळाला म्हटल्यावर भक्तीला काय तोटा!

"मशीनला खोटं बोलता येत न्हाई," बाबा म्हणाले. "त्या वस्तीत करणी करणारी बाई हाय. सोमवारच्या आत तिला हद्दीभाईर काढा. मंग माझं नाव कायमचं वर ठिवतो."

बाई कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. तेवढे ते हुशार होते. ते काम वस्तीनं केलं. बायनाबाई विधवा, एकटी राहणारी, आणि सगळ्यांची जनावरं रोडावली तरी तिच्या दोन शेळ्या अजून उभ्या. झालं, ठरलं. कुणी तिच्या दारात लिंबू टाकलं, कुणी तिची घागर फोडली.

त्या दिवशी दारातल्या बायांत मुक्ताही उभी होती. बायनाबाई तिची चुलती. आईबाप ऊसतोडीला गेले की सहा-सहा महिने मुक्ताला हिनंच सांभाळलं, हिनंच शाळेत धाडलं. आणि दुसरं दुखणं त्याहून वाईट होतं: पाळ्या लावणारा तो प्रोग्राम मुक्तानंच लिहिला होता. कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं तेव्हा मोबाईलवर बघून बघून ती हे शिकली होती. पाळ्यांवरून रोज डोकी फुटायची, म्हणून चेअरमन अर्जुनरावांनी मोठ्या कौतुकानं तो वापरायला घेतला.

ती त्यांच्याकडे गेली. निदान हातानं यादी करून एक टँकर पाठवा म्हणाली, वस्तीत आठ दिवस पाणी नाही, विहिरीच्या तळाचा चिखल फडक्यातून गाळून पितोय आम्ही. अर्जुनरावांनी हात वर केले. हातानं पाठवलं की पक्षपात केला म्हणतील, त्यापेक्षा मशीन सांगेल ते खरं. आणि उरलेली खेप? ती बाबांच्या मठात जाते, देवाचं काम आहे. मुक्ता त्याच वस्तीची, म्हणून सिदू तिला कॉम्प्युटरला हातही लावू देईना.

तीन दिवस ती मोबाईलवर आपलाच प्रोग्राम वाचत बसली. ओळ न् ओळ बरोबर दिसायची. चौथ्या दिवशी तिच्याही मनात आलं, खरंच काही असलं तर? आणि त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की ती रडली.

शेवटी नवशिक्यांचे प्रोग्राम तपासून देणाऱ्या एका ऑनलाइन ग्रुपवर तिनं सगळं टाकलं, बाबासकट. काहींनी नुसते हसरे चेहरे पाठवले. लातूरचे एक निवृत्त गणित शिक्षक, बद्रीनाथ सर, त्यांनी मात्र उत्तर दिलं, तेही रागे भरूनच. प्रोग्राम दाखवलात, यादी कुठंय? आधी यादी दाखवा. सिदू जेवायला गेल्यावर तिनं खिडकीतून पडद्याचा फोटो काढून पाठवला. पाचच मिनिटांत सरांचा निरोप आला: "बाई, तुमचा प्रोग्राम पहिली ओळ वाचतच नाही. असं का लिहिलंत? आणि बाबांच्या नावाऐवजी दुसरं काही लिहून पाहिलंय का कुणी?"

मुक्तानं कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी बायनाबाईनं गाठोडं बांधलं होतं. ऑफिसात पुन्हा तीच गर्दी. मुक्ता सरळ अर्जुनरावांसमोर गेली आणि म्हणाली, प्रोग्राम माझा आहे, बाईला काढायच्या आधी मला दोनदा बटण दाबू द्या. एवढ्या माणसांत त्यांना नाही म्हणता येईना.

तिनं बाबांचं नाव खोडलं आणि त्या जागी लिहिलं, वांगं. बटण दाबलं. सोळा वस्त्या!

मागून कुणीतरी खिदळलं. भाजीतबी आमीच असतो, असं काहीतरी बाबा पुटपुटले. मुक्तानं वांगं पुसलं आणि खुद्द चेअरमनची वस्ती उचलून पहिल्या ओळीत ठेवली. बटण दाबलं. आवळीची वस्ती आली आणि चेअरमनची गेली.

"अर्जुनकाका, आता करणी तुमच्या घरात हाय का?"

अर्जुनराव घाम पुसायला लागले. मुक्तानं मग सगळ्यांना समजावलं. आपल्याकडं कुठलीही वही उघडा, पहिल्या ओळीत देवाचं नाव. संस्थेचं रजिस्टरही तसंच. म्हणून पहिली ओळ सोडून द्यायची, असं तिनंच प्रोग्रामला सांगून ठेवलं आणि विसरली. नवी यादी तालुक्याच्या फॉर्मवरून टाइप झाली, त्यात देव नव्हता; अक्षरांच्या क्रमानं आवळीची वस्ती पहिली, तीच गळली. चूक माझी आहे, ती म्हणाली, आणि माफी मागते. सिदूनं मान खाली घालून कबूल केलं की ही गंमत त्याला पहिल्याच दिवशी कळली होती, बाबांनाही त्यानंच सांगितली. लोक सिदूवर तुटून पडेपर्यंत बाबा मागच्या दारानं पसार झाले.

सरांनी सांगितल्याप्रमाणे मुक्तानं ती ओळ दुरुस्त केली आणि वर एक भर घातली: यादीतल्या वस्त्या आणि पाळीतल्या वस्त्या सारख्या भरल्या नाहीत, तर प्रोग्राम थांबेल आणि तसं सांगेल.

दुपारी टँकर आवळीच्या वस्तीत आला. बायनाबाई उंबऱ्यावर गाठोड्याशेजारीच बसलेली. लोक एकेक करून तिच्यासमोर आले. कुणी म्हणालं चुकलं, कुणी नुसतंच उभं राहिलं. तिनं कुणाला शिवी दिली नाही. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

"पोरीनं मशीनला शंभर डाव इचारलं, कुठं चुकलं म्हणून," ती म्हणाली. "मला एकानं तरी इचारलं का? पुढं कुणाचंबी नाव निघू द्या. लिंबू टाकायच्या आधी एवढं इचारा, कशावरून म्हणता? लई अवघड न्हाई ते."

मुक्ता तिच्या शेजारी बसली आणि गाठोड्याची गाठ सोडू लागली.